गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि नंतरचे सहा आठवडे

वाचकहो, ‘अमकीची पिशवी काढली’ हे वाक्य आपण कधी ना कधी ऐकलेच असेल. बहुधा ते स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात, जवळपास कोणी पुरुषमाणूस नाही असे पाहून उच्चारलेले असते. ऐकणारी ‘अगबाई!’ म्हणते, सांगणारी मान हलवते आणि दोघी पुन्हा आपापल्या कामाला लागतात. पिशवी का काढावी लागली, त्याआधी दुसरा काही उपाय करून पाहिला होता का, शस्त्रक्रियेनंतर त्या बाईला किती दिवस विश्रांती मिळाली, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज त्याच प्रश्नांविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. मला स्वतःला गेल्या वर्षी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बेंगळुरूत ही शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्या वेळी जे अनुभवास आले आणि त्यानिमित्ताने जे वाचून समजून घेतले, ते आपल्या घरीही उपयोगी पडावे असे वाटते.

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे प्रथम लक्ष गेले ते शब्दांकडे. मराठीत आपण सर्रास ‘पिशवी’ म्हणतो. तमिळमध्ये ‘कर्प्पप्पै’ आणि तेलुगूत ‘गर्भसंचि’ म्हणतात. त्यांतील ‘पै’ आणि ‘संचि’ यांचा अर्थही पिशवीच. हिंदीतील ‘बच्चेदानी’ त्याच जातीचा शब्द, कारण दानी म्हणजे काहीतरी ठेवण्याचे पात्र. कन्नडमध्ये मात्र ‘गर्भकोश’ हा शब्द साध्या बोलण्यातही ऐकू येतो, आणि कोश म्हटला की ठेवीची, खजिन्याची आठवण होते. पिशवी म्हटले की मन नकळत असा हिशेब करू लागते की, आतला जिन्नस बाहेर आला, आता पिशवीचे काम संपले. मुले झाली की ती रिकामी. आणि रिकामी पिशवी सांभाळण्यापेक्षा टाकलेली बरी! शब्दाचा हा दोष लहानसा दिसतो. पण त्यामुळे किती मोठे निर्णय सोपे वाटू लागतात, हे पुढे दिसून येईल.

मुठीएवढा अवयव

निरोगी गर्भाशय साधारण स्त्रीच्या मुठीएवढे असून त्याचे वजन ६० ते ८० ग्रॅमच्या आसपास असते. खालच्या बाजूस गर्भाशयमुखाने ते योनिमार्गाशी जोडलेले असते आणि दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. पाळीचे रक्त गर्भाशयातून येते. परंतु पाळीचे चक्र चालविणारी आणि हाडे बळकट ठेवणारी संप्रेरके बीजकोशांत तयार होतात. हा भेद प्रत्येक स्त्रीने आणि तिच्या पतीनेही नीट ध्यानात घेतला पाहिजे. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते आणि पुढे मूल होत नाही. बीजकोशांचे काम मात्र चालू राहते. दोन्ही बीजकोशही काढले तर वय तीस असो की चाळीस, ऋतुनिवृत्ती त्याच दिवशी येते. मग अंगाची काहिली, घामाचे लोट, उडालेली झोप हे सारे एकदम सुरू होते. आणि पुढील वर्षांत हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

गर्भाशय काढणे काही वेळा अगदी आवश्यक असते. गर्भाशयाचा कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, फार मोठ्या झालेल्या गाठी, किंवा बाळंतपणात कशानेही न थांबणारा रक्ताचा लोट अशा प्रसंगी ही शस्त्रक्रिया जीव वाचविते. परंतु अंगावरून पांढरे जाणे, ‘पिशवीला सूज’ असणे, पाळीत पोट दुखणे या तक्रारी बहुधा औषधांनी बऱ्या होतात किंवा आटोक्यात राहतात. ‘अंग बाहेर येणे’ या दुखण्यातही गर्भाशय काढलेच पाहिजे असे नाही. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत कीर्ती मिळविलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे गर्भाशयमुखाला घालावयाच्या टाक्यामुळे १९५५ पासून जगभर प्रसिद्ध झाले. त्यांनीच खाली सरकलेले गर्भाशय न काढता, पट्टीच्या आधाराने ते वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही प्रचारात आणली. गर्भाशय राखण्याचा विचार आपल्याकडे असा जुनाच आहे.

एक प्रश्न, दोन डॉक्टर

माझे दुखणे दोन वर्षांचे होते. पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चाले. त्या दिवसांत कचेरीत गडद रंगाचीच साडी नेसावयाची आणि खुर्चीवरून उठताना मागे वळून पाहावयाचे, ही सवयच होऊन गेली होती. दोन जिने चढले की धाप लागे. घरात सर्वांचे म्हणणे, ‘दगदग फार होते’. अखेर रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.२ निघाले. प्रौढ स्त्रीच्या रक्तात, ती गरोदर नसेल तर, ते निदान १२ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोनोग्राफीत गर्भाशयात अनेक गाठी दिसल्या. त्यांतील सर्वांत मोठी ९ सेंटिमीटरची होती.

घराजवळच्या एका खासगी दवाखान्यात हे कागद दाखविले. तेथील डॉक्टरांनी विचारले, “मुले किती?” मी म्हटले, “दोन.” त्यावर ते म्हणाले, “मग ठेवायची कशाला? पुढच्या आठवड्यात काढून टाकू. ठेवली तर उद्या कॅन्सर व्हायचा.” हे सारे बोलणे पाच मिनिटांत आटोपले. बाहेर आल्यावर माझे पती म्हणाले, “आपण घर भाड्याने घेतानासुद्धा दोन ठिकाणी विचारतो. आणखी एकदा दाखवू या.” त्यांच्या या साध्या वाक्याचे मोल मला पुढे समजले.

दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरबाई वयाने बऱ्याच मोठ्या होत्या. मुलांची संख्या त्यांनीही विचारली, पण ती सर्वांत शेवटी. या गाठींना फायब्रॉइड म्हणतात, त्या पुष्कळ स्त्रियांना असतात, त्यांचा कर्करोग होणे अत्यंत विरळा आणि ऋतुनिवृत्तीनंतर त्या बहुधा आपोआप आकसतात, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. नंतर गर्भाशयमुखाची तपासणी झाली आणि आतल्या अस्तराचा नमुना तपासून कर्करोग नसल्याची खात्री करून घेण्यात आली. शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वाढविले. स्राव कमी करणाऱ्या गोळ्या झाल्या. तांबीसारखे दिसणारे, पण तांब्याऐवजी संप्रेरक सोडणारे एक साधन गर्भाशयात बसवून पाहिले. गाठींमुळे ते टिकले नाही आणि तिसऱ्या महिन्यात निघून आले. केवळ गाठी काढण्याचा मार्ग होता, परंतु गाठी अनेक असल्याने त्या पुन्हा वाढण्याचा संभव होता. गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करण्याची पद्धत १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. तिचीही माहिती डॉक्टरबाईंनी दिली. सात महिने असे गेले. हिमोग्लोबिन वाढे आणि पुढच्या दोन पाळ्यांत पुन्हा घसरे. तेव्हा मी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला.

शेवट तोच झाला, मग पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केली असती तर काय बिघडले असते, असे कोणी विचारील. पुष्कळ बिघडले असते. ७.२ हिमोग्लोबिनवर मी टेबलावर गेले असते, अस्तराची तपासणी झालीच नसती, आणि कर्करोगाच्या भीतीने घाईत दिलेल्या संमतीची रुखरुख जन्मभर राहिली असती. शिवाय माझ्यासारखेच दुखणे असलेल्या कित्येक स्त्रियांना गोळ्यांनी किंवा त्या साधनाने गुण येतो आणि त्यांची शस्त्रक्रिया टळते. ती संधी पाच मिनिटांच्या बोलण्यात मिळत नाही.

ज्यांना कारण कोणी सांगितले नाही

‘मुले झाली ना, मग ठेवायची कशाला?’ हा प्रश्न ज्यांना दुसरीकडे जाऊन पडताळून पाहता आला नाही, अशा स्त्रिया महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, आणि कामावर खाडा पडला तर पैसे कापले जातात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढविणाऱ्या बाईला पाळीचे चार दिवसही परवडत नाहीत. फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही, रोगसंसर्ग मात्र होतो. अशी बाई पोटदुखीसाठी डॉक्टरकडे गेली की कर्करोगाची भीती घातली जाई आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे.

२०१९ मध्ये हा प्रकार वर्तमानपत्रांतून पुढे आल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय मागील दहा वर्षांत काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी संपूर्ण देशात सुमारे ३ टक्के स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील लंबाणी आणि दलित स्त्रियांविषयीही २०१५ च्या सुमारास अशाच तक्रारी उघडकीस आल्या होत्या.

यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील प्रकारांविषयी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल देताना ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांनी या सूचना तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असा आदेश दिला. या शस्त्रक्रियांवर देखरेख करणाऱ्या समित्या जिल्ह्यापासून केंद्रापर्यंत असाव्यात, असे त्या सूचनांत सांगितले आहे. कायद्याचा हा आधार आहे, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी.

भूल नव्हती तेव्हापासून

१८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून गर्भाशय काढले तेव्हा भुलेचे औषध अजून वापरात आलेले नव्हते. ती रोगी स्त्री वाचली नाही. पोट उघडून केलेल्या या शस्त्रक्रियेतून रोगी वाचल्याची पहिली नोंद १८५३ मधील, अमेरिकेतील लॉवेल गावच्या वॉल्टर बर्नहॅम यांची आहे. आज ही शस्त्रक्रिया मुख्यतः तीन मार्गांनी होते. पोटावर मोठा छेद घेऊन. योनिमार्गातून, म्हणजे पोटावर एकही टाका न घालता. किंवा पोटावर तीन-चार बारीक छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने. हा तिसरा मार्ग १९८८ मध्ये अमेरिकेतील हॅरी राइक यांनी प्रथम चोखाळला. शक्य असेल तेथे योनिमार्गाची पद्धत सोयीची समजतात, कारण तीत रोगी लवकर सावरतो. कोणता मार्ग योग्य हे गर्भाशयाच्या आकारावर, आधीच्या शस्त्रक्रियांवर आणि डॉक्टरांच्या अनुभवावर ठरते. परंतु तो मार्ग का निवडला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीने झाली. आदल्या संध्याकाळी संमतिपत्र समोर आले. त्यात गर्भाशयाबरोबर ‘आवश्यक वाटल्यास’ बीजकोश काढण्याची परवानगीही छापलेली होती. एरवी असा मजकूर मी भाषांतराच्या टेबलावर पाहते. तेथे मात्र त्याखाली माझी सही व्हावयाची होती. निरोगी असल्यास बीजकोश ठेवावेत, असे मी डॉक्टरबाईंना सांगितले आणि त्यांनी ते स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिले. वाचकहो, संमतिपत्र वाचावयास वेळ मागण्यात संकोच करू नका. भाषा कळत नसेल तर ज्याला कळते त्याच्याकडून वाचून घ्या.

शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा अधिक दुखत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे असे होते आणि दोन-तीन दिवसांत ते थांबते, हे आधी माहीत असते तर घाबरावयाचे कारण नव्हते; म्हणून ते येथे नमूद करते. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि परिचारिका म्हणाली, “एद्देळि अम्मा, स्वल्प ओडाडि.” उठा बाई, थोडे हिंडा. त्या क्षणी हा सल्ला क्रूर वाटतो, परंतु त्यामागे मोठे कारण आहे. सतत पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. चालण्याने तो कमी होतो आणि आतड्यांचे कामही लवकर सुरू होते. तिसऱ्या दिवशी मला घरी सोडले.

माझ्या शेजारच्या खाटेवर कपड्यांच्या कारखान्यात शिलाईचे काम करणारी एक बाई होती. तिचे पोट उघडून शस्त्रक्रिया झाली होती. “तुम्हाला किती दिवसांची रजा?” तिने मला विचारले. मी सहा आठवडे सांगताच ती हसली. “मी पंधरा दिवसांत मशीनवर जाणार. घरभाडे थांबते का?” कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, ही माहिती त्याच खोलीत एका परिचारिकेने तिला दिली, ती त्या बाईला अगदी नवी होती. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि पुढे स्त्रीनसबंदीनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा ठरवून दिली. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव मात्र त्यात नव्हते. घरातली मोलकरीण, शेतमजूर, ऊसतोड करणारी बाई यांच्या विश्रांतीची जबाबदारी तर कोणाच्याच वहीत लिहिलेली नसते.

बाहेरून न दिसणारी जखम

घरी आल्यावर खरी अडचण सुरू होते ती अशी की, बाई बरी दिसते. पोटावर दोन-तीन बारीक खुणा, ताप नाही, बोलणेचालणे नेहमीचे. पण आत योनिमार्गाचे वरचे टोक टाके घालून बंद केलेले असते. ते विरघळणारे टाके असतात आणि त्या जागी ऊतींना बळ येण्यास साधारण सहा आठवडे लागतात. या काळात जड वजन उचलले तर सारा दाब नेमका त्या जागेवर येतो. डॉक्टरांनी मला चार किलोंहून अधिक काही उचलू नये असे सांगितले होते. आता आपल्या घरातील वजने मोजून पाहा. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंची. स्वयंपाकाच्या गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे तीस किलोंचे. कडेवर यावयाचे हट्ट धरणारे तीन वर्षांचे मूल बारा-चौदा किलोंचे. ओल्या कपड्यांचा पिळा, कणकेचा डबा, बाजाराची पिशवी यांपैकी काहीच चार किलोंत बसत नाही.

माझ्या सासूबाई बेळगावहून आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकला आणि मला म्हणाल्या, “तू येथे बसून सांग, हात मी चालविते.” दहाव्या दिवशी मला अगदी हुशारी वाटली म्हणून मी न्हाणीघरातील बादली सरकवावयास वाकले, तोच त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. मग कधी नव्हे ते त्यांनी स्वतःविषयी सांगितले. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांचीही पिशवी काढली होती. घरात आठ माणसे होती. पंधराव्या दिवशी त्या विहिरीवर गेल्या आणि सोळाव्या दिवशी रक्त जाऊ लागले म्हणून पुन्हा दवाखान्यात नेले. “कोणी जा म्हणाले नव्हते गं,” त्या म्हणाल्या, “पण कोणी जाऊ नकोस असेही म्हणाले नाही.” एवढे बोलून त्या कपडे वाळत घालावयास निघून गेल्या. माझे पतीही तेथेच उभे होते. आपल्या आईचे हे दुखणे त्यांनी प्रथमच ऐकले. त्या दिवसापासून पाणी भरण्याचे आणि बाजाराचे काम त्यांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले.

सर्वसाधारणपणे पहिला आठवडा घरातल्या घरात हिंडावे, दिवसातून दोनदा झोपावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फिरणे रोज थोडे थोडे वाढवावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. भरपूर पाणी, पालेभाज्या आणि फळे घ्यावीत, कारण कुंथण्याने आतल्या टाक्यांवर ताण पडतो. थोडा तपकिरी किंवा गुलाबी स्राव काही आठवडे राहू शकतो. पतिपत्नीसंबंध डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत, म्हणजे बहुधा सहा ते आठ आठवडे, वर्ज्य ठेवावेत. पोट उघडलेले असेल तर हा सारा काळ आणखी वाढतो. ताप येणे, ताजे लाल रक्त जोराने जाणे, दुर्गंधी येणे, पोटरी सुजून दुखणे, श्वास लागणे किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मनाचेही दुखणे असते. मला आणखी मूल नको होते, पाळीचा त्रास गेल्याचा आनंदही होता. तरीही तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मला रडू आवरेना. हे अस्वाभाविक नाही. ज्यांना मूल हवे होते आणि नाइलाजाने शस्त्रक्रिया झाली, त्यांचे दुःख तर फारच मोठे. स्त्रीच्या मनातील प्रत्येक व्यथा गर्भाशयाच्या माथी मारण्याची रीत मात्र जुनी आहे. ‘हिस्टेरिया’ हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच आला. अशा वेळी ‘आता कशाला रडतेस, सुटलीस एकदाची’ असे म्हणू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे. आठवडे लोटले तरी उदासी जाईना तर डॉक्टरांना सांगावे. गर्भाशय गेल्याने स्त्रीत्व जाते, पोटात पोकळी राहते, संसारसुख संपते, या समजुतींना आधार नाही. रिकामी झालेली जागा आतडी सहज भरून काढतात, आणि बीजकोश शाबूत असतील तर संप्रेरके पूर्वीसारखीच तयार होत राहतात. ऋतुनिवृत्ती काही स्त्रियांत थोडी लवकर येते, इतकेच.

आता माझे हिमोग्लोबिन १२.६ आहे आणि दोन जिने मी न थांबता चढते. आवश्यक असलेली शस्त्रक्रिया वेळेवर आणि नीट झाली तर ती किती मोठा दिलासा देते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तिची भीती बाळगून वर्षानुवर्षे रक्त गमावीत राहणे शहाणपणाचे नाही.

आपल्या घरात हा प्रसंग आला तर डॉक्टरांना पाच गोष्टी अवश्य विचारा. आजाराचे नेमके नाव काय? कर्करोगाची शंका असेल तर ती कोणत्या तपासणीने पक्की केली? औषधांचा किंवा दुसरा कोणता उपाय करून पाहता येईल? बीजकोश ठेवणार की काढणार, आणि का? शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने होणार? उत्तरे लिहून घ्या. तातडीचा प्रसंग नसेल तर ती उत्तरे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयाचा मार्ग मोकळा आहे; बेंगळुरूत १९३५ पासून स्त्रियांची सेवा करणाऱ्या वाणीविलाससारखी मोठी सरकारी रुग्णालये बहुतेक राज्यांत आहेत.

आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की त्याच संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक कागद करावा. पाणी कोण भरणार, सिलिंडर कोण बदलणार, मुलांना शाळेत कोण पोहोचविणार, धुणे कोण पिळणार, रात्री जाग आली तर जवळ कोण असणार, हे त्यावर नावानिशी लिहावे. सहा आठवड्यांचे बेचाळीस दिवस होतात. त्या कागदावर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिचे स्वतःचे नाव कोठेही येऊ देऊ नये.